महाराष्ट्रातील अभियांत्रिकी पदवी आणि तिचे मोल

अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडणारा विद्यार्थी दोन गोष्टी एकदमच ठरवत असतो. मिळालेले शिक्षण कितपत उपयोगाचे ठरले हा पहिला निवाडा, आणि पुढे काय करायचे हा दुसरा. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात या दोहोंची इतकी गुंतागुंत झालेली दिसते, की शिक्षणाची किंमत बहुतेक वेळा समोर उघड्या असलेल्या नोकरीवरूनच ठरवली गेली आणि नोकरी बदलली तसा शिक्षणाविषयीचा निवाडाही बदलत गेला.

या इतिहासाची सुरुवात पुण्यात होते. १८५४ साली तेथे 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने जी शाळा निघाली, तिचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्याला, म्हणजे रस्ते, पूल, कालवे आणि सरकारी इमारती उभारणाऱ्या खात्याला, दुय्यम दर्जाचे नोकर पुरवण्याचा होता. मुंबई-ठाणे रेल्वे आदल्याच वर्षी धावू लागली होती, घाटांतून लोहमार्ग नेण्याचे काम हाती घेतले जात होते, आणि गोऱ्या अभियंत्याच्या नकाशाबरहुकूम मजुरांकडून काम करवून घेणारी, मोजमापाची वही लिहिणारी, चुना-विटांचा हिशेब ठेवणारी देशी माणसे सरकारला मोठ्या संख्येने हवी होती. अशा माणसाला ओव्हरसियर म्हणत. खात्याच्या उतरंडीत त्याची जागा अभियंत्याच्या खाली होती आणि शाळेत शिरतानाच विद्यार्थ्याला आपल्या वाटचालीची ही मर्यादा ठाऊक असे.

१८६० च्या दशकात ही शाळा महाविद्यालय बनली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि तेथे 'लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग', म्हणजे एल. सी. ई., ही परीक्षा सुरू झाली. स्थापत्य अभियांत्रिकीचा पूर्ण अभ्यासक्रम पार करून अभियंता म्हणून काम करण्यास पात्र ठरल्याची ती खूण असल्यामुळे ओव्हरसियरच्या वर चढण्याची वाट देशी विद्यार्थ्यांपुढे प्रथमच उघडली. ती वाट मात्र अरुंद होती, कारण भारतातील बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करणारे स्वतंत्र महाविद्यालय ब्रिटिश सरकारने १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे उघडले, आणि ते १९०६ साली बंद होईपर्यंत वरच्या जागांचा मोठा वाटा तेथून उत्तीर्ण झालेल्या तरुणांकडे जात राहिला. पुण्यातल्या पदवीधराच्या दृष्टीने परीक्षेतील क्रमांकाला जे असाधारण महत्त्व आले, त्याचे कारण या टंचाईत आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याला आले, १८८३ साली मुंबई इलाख्यात पहिले येऊन एल. सी. ई. झाले, जेम्स बर्कली पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सेवेत सहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक आणि धुळे भागात त्यांनी सुरुवातीची कामे केली, त्यांत पांझरा नदीच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे कठीण कामही होते. पुढे खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजे आणि नीरा कालव्यावर पाणीवाटपासाठी आखलेली गटपद्धती, म्हणजे कालव्याखालील जमिनीचे गट पाडून पिकांच्या फेरपालटीने पाणी देण्याची व्यवस्था, यांमुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले. तरीही १९०८ मध्ये त्यांनी या सेवेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्यांच्या कर्तृत्वाचा सर्वांत मोठा काळ पुढे म्हैसूर संस्थानात गेला. पुण्याच्या शिक्षणात काही उणे होते असे यावरून म्हणता येत नाही. त्या शिक्षणाला साजेशी जागा मुंबई इलाख्याची नोकरशाही देऊ शकत नव्हती, हे मात्र निश्चित म्हणता येते.

सरकारी जागेवरच डोळा ठेवणाऱ्या या शिक्षणावर पुण्यातूनच पहिली मोठी टीका झाली, आणि ती आजही वाचण्याजोगी आहे. केशव मल्हार भट हा पुण्याचा तरुण १८८२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दाखल झाला. त्या संस्थेत शिकणारा तो पहिला भारतीय. टिळक-आगरकरांच्या मंडळाच्या 'मराठा' या इंग्रजी पत्राने १८८४ मध्ये याच संस्थेचा आदर्श वाचकांपुढे ठेवला, तर न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरू लागल्या. कारखाना काढणारा, यंत्र बनवणारा, कच्च्या मालाला पक्का करणारा शिकलेला माणूस देशाला हवा, हे या सर्वांचे म्हणणे होते. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने या दिशेने काही पावले टाकली. तरीही किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर या संस्थेत शिक्षक होते, पदवीधर अभियंता नव्हते, आणि बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली ती १९२६ साली, अमेरिकेतील त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेतून. उद्योग काढू पाहणाऱ्या मराठी घराला आपल्या मुलासाठी समुद्रापलीकडे पाहावे लागले, ही त्या काळच्या इथल्या शिक्षणावरची फार कठोर टिप्पणी आहे.

पुण्याच्या महाविद्यालयाला १९११ साली 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव मिळाले आणि १९१२ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची शाखा निघाली, पण विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीसाठी १९३२ साल उजाडावे लागले. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झालेले होते. म्हणजे सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचून सतरा वर्षे झाल्यावर त्या विजेचे उच्च शिक्षण पुण्याच्या विद्यार्थ्याला मिळू लागले.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. सांगलीत १९४७ साली, पवईला १९५८ साली आणि कराड, औरंगाबाद व नागपूर येथे १९६० साली नव्या संस्था निघाल्या. पंचवार्षिक योजनांनी पोलाद, वीज आणि धरणे यांची मोठी कामे काढली, आणि १९५० च्या दशकात पदवी घेणाऱ्याला आपले शिक्षण व राष्ट्राची गरज यांची सांगड सहज घालता आली. ही खात्री दहा-बारा वर्षेच टिकली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात औद्योगिक मंदी आली, अभियंते बेकार राहू लागले आणि सरकारला प्रवेशसंख्या कमी करावी लागली. नेमक्या याच सुमारास अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडून कुशल परदेशी लोकांना दार उघडले. मागणी येथे आटत असताना तिकडे वाढत गेली, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात परदेशी विद्यापीठांना अर्ज करणे हा पवईसारख्या संस्थांमधील रूढ क्रम बनला. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक, पुढे तिचे संचालक झालेले सुहास सुखात्मे यांनी सहकाऱ्यासह १९७० च्या दशकातील पदवीधरांचा जो अभ्यास केला, त्यात सुमारे तीस टक्के पदवीधर परदेशी स्थायिक झाल्याचे आढळले. या स्थलांतराला 'ब्रेन ड्रेन', म्हणजे बुद्धीचा निचरा, म्हणण्याची पद्धत पडली आणि जाणाऱ्या तरुणांना दोषही पुष्कळ दिला गेला. मात्र ज्या तरुणाच्या अभ्यासक्रमाचा बराचसा भाग प्रगत देशांतील विद्यापीठांना समोर ठेवून आखलेला होता, त्याने तेथेच पुढचे शिक्षण घ्यावे हा त्या अभ्यासक्रमाचाच स्वाभाविक शेवट होता, हे दोष देणाऱ्यांनी फारसे ध्यानात घेतले नाही.

१९८३ हे वर्ष या इतिहासाचा सर्वांत मोठा दुभंग म्हणावे लागेल. मराठी विद्यार्थी देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जातात, तो पैसा राज्यातच राहावा, या युक्तिवादाच्या बळावर वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान न घेता शुल्कावर चालणाऱ्या, महाविद्यालयांना परवानगी दिली. पूर्वी ज्या घरांत अभियंता होण्याचे स्वप्नही कुणी पाहिले नव्हते, अशा तालुक्याच्या गावांतील मुलामुलींना यामुळे प्रवेश मिळाला, हे या निर्णयाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण आता पदवी ही कुटुंबाने जमीन गहाण टाकून वा कर्ज काढून केलेली गुंतवणूक झाली. प्रवेशासाठी देणगी घेण्यास राज्याने १९८७ मध्ये कायद्याने बंदी घातली आणि शुल्काचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९९२ व १९९३ साली गाजला, तरी घातलेला पैसा किती लवकर परत येईल हा प्रश्न शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याच्या मनातून गेला नाही. १९९० नंतर सॉफ्टवेअर कंपन्या महाविद्यालयाच्या आवारातच मुलाखती घेऊ लागल्या तेव्हा स्थापत्य, यंत्र, रसायन अशा सर्व शाखांची मुले एकाच रांगेत उभी राहिली आणि चार वर्षांच्या विशेष शिक्षणाला निवडीत फारसे स्थान उरले नाही. ओव्हरसियरच्या काळात शिक्षण अपुरे आणि काम त्याला जुळणारे होते. या काळात शिक्षण एका विषयाचे आणि काम भलत्याच विषयाचे अशी स्थिती आली, आणि ती पहिलीपेक्षा अधिक नासाडीची आहे.

शिकणाऱ्यालाच विचारावे, ही रीत मात्र फार उशिरा आली. भारत २०१४ साली वॉशिंग्टन करार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या मूल्यांकनप्राप्त अभियांत्रिकी पदव्या तुल्य मानाव्यात असे या करारात ठरलेले आहे. त्याच्या अनुषंगाने राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने फलनिष्पत्तीवर आधारलेली, म्हणजे विद्यार्थ्याला अखेरीस काय करता येते यावर भर देणारी, मूल्यांकनपद्धत रुजवली. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याकडून प्रश्नावली भरून घेणे हा तिचा भाग बनला. विषयाचे ज्ञान, प्रयोगशाळेतील काम, सांघिक काम, व्यावसायिक नीती आणि पुढील बेत यांविषयी तेवीस वर्षांच्या आतला तरुण येथे आपले मत लेखी नोंदवतो. पुण्यातील पहिल्या वर्गापासून या मताची अशी नोंद ठेवली गेली असती, तर विद्युत शाखा १९३२ पर्यंत अडली नसती, असे म्हणण्यास जागा आहे. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने या उत्तरांचा उपयोग मूल्यांकन समितीच्या भेटीपुरता ठेवू नये. ती दरवर्षी विभागातील सर्व शिक्षकांनी वाचावीत, अभ्यासक्रम मंडळापुढे ठेवावीत आणि त्यांवरून काय बदलले हे पुढच्या वर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना लेखी कळवावे.