काचेच्या पेटीची मागची भिंत

माशांना काचेच्या पेटीत ठेवण्याची कल्पना फार जुनी नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास एका काचपात्रात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा मेळ कसा बसतो ते दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. आम्ही उरणची मुले मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचो आणि तिथे जायचो. घरी रोज मासळी खाणारी आम्ही पोरे तिथे मात्र काचेला नाक लावून गप्प उभी राहायचो.

पण मासे पाळणे त्याहून कितीतरी जुने आहे, आणि आपल्या ओळखीचेही आहे. मुंबईची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली, ती एका जुन्या तलावावर. काळ्या दगडाच्या कमानी थेट पाण्यातून वर येतात आणि मशिदीचा भार पेलतात. तलावाला झऱ्यांचे पाणी आहे, त्यात मासे आहेत आणि वुजूही तिथेच होते. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्यांनी या पाण्यात हात बुडवले असतील. तिथले मासे जगतात याचे श्रेय जसे झऱ्यांना, तसेच त्या दगडालाही द्यायला हवे असे मला वाटते. आपला काळा दगड पाण्याला जवळजवळ काहीच देत नाही. उरण तालुक्यातच असलेल्या घारापुरीची लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

काचेची पेटी आली आणि प्रश्न बदलला. तलावात पाणी पुष्कळ असते, पेटीत ते मोजके. भिंतीतून जे सुटेल ते तिथेच राहते. सुरुवातीच्या पेट्यांना लोखंडी चौकट असे आणि काच पुट्टीने बसवत. त्या पुट्टीत बरेचदा शेंदूर, म्हणजे शिसे असे. पाणी गळू नये म्हणून लावलेली वस्तूच पाण्यात विष सोडू शकत होती. नुसत्या काचा एकमेकींना चिकटवून पेटी करणे शक्य झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सिलिकॉन आल्यावर.

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. दुकानातले खडकासारखे दिसणारे तयार बॅकग्राउंड त्याला परवडेना, म्हणून करंज्याहून मासळीच्या थर्माकोलच्या दोन जुन्या पेट्या घेऊन आला. ज्या पेटीत मेलेली मासळी बर्फात जाते, तिच्यातून जिवंत माशांचे घर करायचे. त्याने विचारले, “मामू, थर्माकोलचे खडक कापतो आणि वर सिमेंट फासतो. चालेल ना?”

चालेल, पण आठवड्याभरात नाही.

आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. भाजलेला चुना पाण्यात विरवला की तो दाहक होतो. भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड बनतो, म्हणजे जवळजवळ शिंपलाच. जुन्या हौदाच्या गिलाव्याला हा वेळ मिळत असे. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये घेतले. ते तासांत आवळते, तेच त्याचे कौतुक. पण आवळले म्हणजे निवळले असे नाही. ताज्या सिमेंटमधून मोकळा चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच १२च्या आसपास नेऊ शकतो. घरातले बहुतेक गोड्या पाण्यातले मासे साडेसहा ते साडेआठमध्ये सुखी असतात. वरच्या पाण्यात त्यांचे कल्ले भाजून निघतात. पाणी मात्र स्वच्छ, नितळ दिसते, आणि मालक म्हणतो, रात्रीत काय झाले कळलेच नाही.

तलावातला मासा निदान दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यावरचा ठपका हाच होता की तिने मांजरीला खायला दिले नाही आणि सोडलेही नाही. काचेतला मासा तसाच कोंडलेला आहे. त्यामुळे भिंतीतला चुना ही मला नुसती हौसेतली बारीकसारीक बाब वाटत नाही.

म्हणून भाच्याचे तुकडे सध्या मोरीतल्या टबात बुडवलेले आहेत. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे, आणि टबातल्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका येऊन तिथेच टिकेपर्यंत थांबायचे. याला काही आठवडे लागतात. सिलिकॉन बुरशीरोधक नको, न्हाणीघरासाठी विकतात ते तसले असते. थर्माकोल पाण्यात वर उसळतो, म्हणून तो रिकाम्या पेटीतच काचेला घट्ट चिकटवायचा आणि सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत पाणी भरायचे नाही. मागे फट ठेवायची नाही. छोटा मासा तिथे शिरला तर त्याला बाहेर येता येत नाही.

पीरवाडीच्या किनाऱ्यावरून दगड आणायलाही तो निघाला होता. मी थांबवले. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तेलाचा तवंग उरण-अलिबागपर्यंत आला होता आणि काही दिवस लोक मासळी खायला धजत नव्हते. तिथल्या दगडांना आज काय चिकटले आहे ते नुसते पाहून कळत नाही. त्यापेक्षा गावातला साधा काळा दगड घासून धुऊन घ्यावा. त्यावर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुना आहे, बाजूला ठेवावा.

भाचा आता घरातल्या प्रत्येक दगडावर लिंबू पिळत फिरतो आहे. पाट्यावरही पिळले. फेस आला नाही, पण बहीण चिडली.