रिझर्व्हला लागलेली गाडी

स्कूटर चालता चालता आधी एक गचका देई. मग दुसरा. इंजिनाचा आवाज पोकळ होई, आणि नजर रस्त्यावरून न हलवता चालवणाऱ्याचा हात सीटखालच्या पेट्रोल कॉककडे जाई. कॉक फिरला की क्षणभर काहीच घडत नसे. मग इंजिन पुन्हा धडधडू लागे आणि मागे बसलेल्या माणसाला बातमी मिळे, "रिझर्व्हला लागली." या दोन शब्दांत पुढच्या अर्ध्या तासाचे सगळे नियोजन येई. वाटेत पंप कुठे आहे, खिशात सुटे किती आहेत, आधी मुलांना शाळेत सोडायचे की आधी पेट्रोल टाकायचे.

रिझर्व्ह म्हणजे वेगळी छोटी टाकी, असा पुष्कळांचा समज होता. प्रत्यक्षात टाकी एकच असे. कॉकला टाकीच्या आत दोन तोंडे असत, एक उंच नळीचे आणि एक अगदी तळाशी. कॉक 'चालू'वर असताना पेट्रोल उंच तोंडातून उतरे. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा थांबे. मग कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवून तळाचे तोंड उघडायचे. यात वीज नाही, तरंगता गोळा नाही, काटा नाही. गाडी स्वतः थांबून सांगे की आता थोडेच उरले आहे, आणि ते सांगणे कधी चुकत नसे. पेट्रोल मोजण्याची इतकी साधी आणि प्रामाणिक सोय दुचाकीवर पुन्हा आली नाही. तिच्यात दोष एकच, आणि तोही माणसाचा. पेट्रोल भरल्यावर कॉक परत 'चालू'वर आणायला विसरले, तर पुढच्या वेळी इशाराच मिळत नसे. गाडी थेट शेवटच्या थेंबापर्यंत चाले आणि मग ढकलावी लागे.

इतिहासातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासातच इंधन संपत आले होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी, निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. गाडी त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी, आणि ती नेताना त्यांनी पतीला विचारलेही नव्हते. पेट्रोल पंप ही वस्तू जगात तेव्हा नव्हतीच. वाटेत वीसलोख गावी त्या औषधाच्या दुकानात शिरल्या आणि कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन नावाचे द्रव्य विकत घेऊन गाडीत ओतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून ती मोकळी केली. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते औषधाचे दुकान आज ओळखले जाते.

पुढे अमेरिकेत १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि लाखोंनी खपली. तिच्या बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या सीटखाली असे. पेट्रोल पाहायचे तर आधी बसलेल्यांना उठवा, सीट काढा, झाकण उघडा आणि आत लाकडी पट्टी बुडवा. पेट्रोल ओढणारा पंप गाडीत नसल्याने पेट्रोल केवळ उतारावरून वाहिल्यासारखे इंजिनाकडे जाई. टाकी अर्धीमुर्धी रिकामी असताना समोर तीव्र चढ आला की इंजिनाची पातळी टाकीपेक्षा वर जाई आणि गाडी तहानेने बंद पडे. यावर लोकांनी उपाय काढला तो असा, की गाडी वळवायची आणि रिव्हर्स गिअरमध्ये मागच्या मागे डोंगर चढायचा. रिकाम्या टाकीचा धोका चढावर वाढतो, हे ज्ञान एवढे जुने आहे. सह्याद्रीच्या घाटांतून गाडी नेणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्येही १९६१ पर्यंत पेट्रोलचा काटा नव्हता. चालकाच्या पायापाशी एक दांडी असे. गचके सुरू झाले की ती पायाने ढकलायची, म्हणजे शेवटचे चार-पाच लिटर मोकळे होत. महामार्गावर ऐन वेगात हा पायाचा खेळ करावा लागे.

भारतात पेट्रोल पुरवून वापरण्याचा पहिला मोठा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. पेट्रोलला रेशन लागले, कूपन आले, आणि कित्येक मोटारींच्या व बसगाड्यांच्या पाठीवर लोणारी कोळशाचा वायू तयार करणाऱ्या भट्ट्या चढल्या. पण सर्वसामान्य मराठी घरात टाकी, कॉक आणि रिझर्व्ह हे शब्द शिरले ते पुण्याच्या कारखान्यांमुळे. इटलीच्या व्हेस्पाचा परवाना घेऊन बजाजने आकुर्डीत स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी ही गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळली जाई.

त्याच १९७२ मध्ये पुण्याच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. पन्नास सीसीची ही मोपेड आणि तिला सायकलसारखे पेडल. पेट्रोल संपले तर पेडल मारत घरी या, एवढी सरळ व्यवस्था. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरातल्या माणसाला तिचे काहीच वाटत नसे. इंधन संपण्याची शक्यता मान्य करून तिच्यावरचा तोडगा गाडीतच बसवून दिलेला होता.

चेतकला पेडल नव्हते, पण तिच्यासाठी लोकांनी स्वतःचा तोडगा शोधला होता. रिझर्व्हही संपले की गाडी स्टँडवरून काढायची, एका अंगावर चांगली कलंडवायची, क्षणभर धरायची, सरळ करायची आणि किक मारायची. टाकीच्या कोपऱ्यात साचलेले घोटभर पेट्रोल कार्बोरेटरकडे वाही आणि गाडी एखादा किलोमीटर जाई. तेवढ्यात पंप आला तर ठीक. नाही तर ओळखीचा कुणी मोटारसायकलवाला भेटे आणि बंद गाडीच्या फूटरेस्टला पाय लावून तिला ढकलत नेई. बंद गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याला ट्रकवाले टोचन म्हणतात, त्याचाच हा दुचाकीचा अवतार. ही मदत मनापासून केलेली असे, आणि तितकीच जिवावरची. दोन्ही गाड्यांचा तोल एका माणसाच्या एका पायावर.

त्या काळातल्या रिकाम्या टाकीचा खरा यांत्रिक धोका मात्र फार कमी लोकांना ठाऊक होता. चेतक, लूना, जावा या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइलचे माप ओतून घेण्याची पद्धत त्यामुळेच होती. म्हणजे पेट्रोल अपुरे पोचले की ऑइलही अपुरेच पोचले. टाकीच्या शेवटाशी इंजिन अर्धपोटी असताना वेगाने पळवले, तर पिस्टन तापून सिलिंडरला धरून बसे. "गाडी सीझ झाली" असे म्हणत मेकॅनिक डोके हलवी, आणि वाचवलेल्या रुपया-दोन रुपयांच्या बदल्यात बोअर-पिस्टनचा खर्च येई.

तरीही लोक रिझर्व्हवर का चालवत? याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. त्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले होते. ज्या घरात पगाराची तारीख आणि किराण्याची यादी एकमेकींशी झुंजत होती, तिथे टाकी फुल करणे म्हणजे पुढच्या पंधरवड्याचे पैसे आज गुंतवणे. माणूस लिटरात नव्हे, रुपयांत पेट्रोल मागे. दहाचे टाका, पुढे पन्नासचे टाका, आता शंभरचे टाका. शिवाय रस्त्यावर उभ्या गाडीतून नळी घालून पेट्रोल चोरणारे असत. भरलेली टाकी रात्रभर चाळीखाली ठेवणे हीसुद्धा जोखीमच होती. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकाठच्या दुकानात पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल विकले जाई. आगीच्या दृष्टीने ती विक्री भयंकरच, पण पंप दहा-पंधरा मैलांवर असताना त्या बाटलीने कित्येकांना घरी पोचवले आहे.

डिझेलच्या गाड्यांचे दुखणे निराळे. पेट्रोल संपले तर नवे पेट्रोल ओतून गाडी सुरू होई. डिझेल संपले की नळ्यांत हवा शिरे. "गाडीने एअर घेतली" हे ट्रकवाल्यांच्या तोंडचे वाक्य. मग नुसते डिझेल ओतून भागत नसे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हाताने छोटा पंप दाबत राहायचे, बुडबुडे येणे थांबून सलग डिझेल वाहू लागले की स्क्रू आवळायचा. तेवढ्यानेही भागले नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून एकेका नळीतली हवा काढायची. रात्री, घाटात, बॅटरीच्या उजेडात हे काम केलेला क्लीनर पुन्हा मालकाला काटा खाली जाऊ देत नसे.

मग काटा आला आणि कॉक गेला. गिअर नसलेल्या स्कूटरी वाढल्या तसा रिझर्व्हचा कॉक दिसेनासा झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले. तोवर मोटारींतून केव्हाच गेलेला कार्बोरेटर दुचाकींमधूनही जवळजवळ हद्दपार झाला आणि फ्युएल इंजेक्शन आले. वरवर हा बदल एका दांडीचा वाटतो. मोठा बदल टाकीच्या आत झाला. इंजेक्शनच्या गाडीत विजेवर चालणारा पंप पेट्रोलमध्येच बुडवून बसवलेला असतो. त्याच्यातून वाहणारे आणि त्याच्याभोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते, तेच त्याला वंगणही पुरवते. पातळी रोज तळाला नेली तर पंप तापतो, मध्येच हवा ओढतो, कोरडा फिरतो आणि लवकर झिजतो. जुन्या गाडीत रिझर्व्ह संपल्याची शिक्षा म्हणजे अर्धा तास ढकलणे. नव्या गाडीत ती पंपाच्या बिलात येते, आणि येते तेव्हा कुठल्या दिवशीच्या सवयीमुळे आली हे कुणाच्याही लक्षात येत नाही. आधुनिक डिझेल मोटारींत तर हजार बारहून अधिक दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. तो कोरडा पडला की झिजलेल्या धातूचा बारीक कीस पुढे नोझलांत जातो, आणि ते काम स्क्रू ढिला करून हवा काढण्याइतके सोपे उरत नाही.

सवय मात्र कॉकच्या काळातलीच राहिली. "लाल दिवा लागला तरी अजून चाळीस किलोमीटर जाते" हे वाक्य आजही आत्मविश्वासाने बोलले जाते. ते ज्या रचनेवर उभे होते ती रचना आता नाही. काटा चालतो तो तरंगत्या गोळ्यावर. चढावर, वळणावर, गाडी एका बाजूला कललेली असताना तो हलतो. अजून किती किलोमीटर जाईल हा पडद्यावरचा आकडा मागच्या प्रवासाच्या सरासरीवरून काढलेला असतो. सपाट रस्त्यावर साठ दाखवणारा आकडा आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटाच्या चढावर भराभर उतरतो. त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, म्हणून जुने अंदाज थोडे का होईना चुकतात. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, म्हणजे नेमके रिझर्व्हच्या जागी.

इंधन वाचवण्याची जुनी सवय घाटउतारावर सर्वांत महाग पडते. काटा खाली गेला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, इंजिन बंद करायचे आणि उतारावर सोडून द्यायची. पण गिअरमधले इंजिन गाडीला मागे खेचत असते. ते सुटले की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. इंजिन बंद असेल तर मोटारीच्या ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, ट्रकच्या ब्रेकची हवा पुन्हा भरत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्यात नवले पुलाकडे उतरणारा रस्ता यासाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड ट्रकने अनेक वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात म्हटले होते.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. जुन्या रस्त्यावर दर गावाला पंप असतो, या हिशेबाने लोक त्यावर चढले. सुरुवातीला पंप मोजकेच होते आणि त्यांतले अंतर मोठे. कुंपण घातलेल्या त्या रस्त्यावर बाटली घेऊन जवळच्या गावात चालत जाण्याची सोय नाही. उन्हाळ्यात रिकाम्या टाकीने कडेला थांबलेली मोटार, आत मुले, आणि शेजारून शंभरच्या वेगाने जाणारी वाहने. लूनाच्या पेडलची तिथे कुणाला मदत होणार नव्हती. वर्षभराने, जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, टँकरचालकांच्या संपाने राज्यभरातल्या पंपांपुढे मैलभर रांगा लागल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोंतून निघणारे टँकर थांबले होते. रांगेतल्या कितीतरी गाड्या आधीच लाल दिव्यावर होत्या आणि काही तर ढकलतच पुढे सरकत होत्या.

चेतक हे नाव २०२० मध्ये पुन्हा रस्त्यावर आले, या वेळी विजेवर. तिला टाकी नाही, कॉक नाही, कलंडवून मिळणारा शेवटचा घोट नाही. अनेक विजेच्या स्कूटरींमध्ये बॅटरी तळाला गेली की वेग आपोआप उतरतो आणि गाडी हळूहळू घराकडे सरकते. उंच नळी आणि तळाचे तोंड जे काम करत होते, तेच आता एका चिपकडे आले आहे. पण मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये जुनी चेतक अजूनही येते. सीटखाली हात घालून तो आधी कॉक कुठे आहे ते पाहतो, 'चालू'वर आणतो, आणि मगच किकवर पाय ठेवतो.