योनिमार्गातील यीस्ट : रेणवीय ओळख

योनिमार्गाचा दाह करणारे यीस्ट नेमक्या कोणत्या जातीचे आहे, हे त्याच्या डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. खाज, आग, लघवीला जळजळ आणि फाटलेल्या दुधासारखे घट्ट पांढरे जाणे ही रोगाची लक्षणे. बहुतेक रुग्णांत कॅन्डिडा अल्बिकान्स सापडते. त्याखालोखाल ग्लॅब्राटा, मग ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस व क्रुसेई. हा क्रम प्रदेशागणिक बदलतो. नव्या वर्गीकरणात ग्लॅब्राटा व क्रुसेई कॅन्डिडा प्रजातीतून बाहेर पडल्या आहेत. अहवालांत जुनीच नावे चालतात.

जुन्या चाचण्या : ३७° से. तापमानाच्या रक्तद्रवात दोन-तीन तासांत जर्म ट्यूब फुटली की अल्बिकान्स, असे धरत. रंगदर्शी माध्यमावर अल्बिकान्सच्या वसाहती हिरव्या, ट्रॉपिकॅलिसच्या निळ्या दिसतात. पण १९९५ मध्ये वर्णिलेली डब्लिनिएन्सिस ही जात जर्म ट्यूबही देते आणि हिरवीही दिसते; म्हणून या चाचण्यांत ती अल्बिकान्स म्हणून खपू शकते.

पीसीआर व तुकडे पाडणे : यीस्टची भित्ती चिवट असल्याने पेशी आधी काचेच्या बारीक मण्यांनी किंवा विकरांनी फोडतात. मग रायबोसोमी जनुकांमधला आयटीएस हा पट्टा पीसीआरने वाढवतात. त्याची लांबी ग्लॅब्राटात सुमारे ८७१ बेस जोड्या, इतर चौघींत ५१० ते ५३५. म्हणजे ग्लॅब्राटा जेलवर इथेच वेगळी पडते. बाकीच्यांसाठी एमएसपी-१ विकर वापरतात. ते सीसीजीजी हा क्रम दिसेल तिथे कापते. अल्बिकान्सचे २९७ व २३८, ट्रॉपिकॅलिसचे ३४० व १८४ असे तुकडे पडतात. पॅराप्सिलोसिस कापलीच जात नाही. क्रुसेईचे २६१ व २४९ हे तुकडे इतके जवळचे, की घाईत चालवलेल्या जेलवर एकच जाड पट्टी दिसते. अल्बिकान्स आणि डब्लिनिएन्सिस यांना हे विकर वेगळे करत नाही. तिथे एचडब्ल्यूपी-१ हे जनुक उपयोगी पडते : अल्बिकान्सला ९४१, डब्लिनिएन्सिसला ५६९ आणि आफ्रिकानाला सुमारे ७०० बेस जोड्यांची पट्टी मिळते. मादागास्कर व अंगोलातील स्त्रियांच्या योनिस्रावातून प्रथम मिळालेली आफ्रिकाना पुढे दिल्लीतील रुग्णांतही आढळली. ती स्वतंत्र जात मानावी की अल्बिकान्सचाच प्रकार, यावर एकमत नाही.

क्रमनिर्धारण : संशय उरल्यास आयटीएस किंवा २६एस जनुकाचा डी१/डी२ भाग वाचतात. ग्लॅब्राटासारख्याच दिसणाऱ्या निव्हारिएन्सिस व ब्राकारेन्सिस अशाच उघड झाल्या.

मर्यादा : लक्षणे नसलेल्या अनेक स्त्रियांच्या योनिमार्गातही कॅन्डिडा असते. पीसीआर जात सांगते, रोग सांगत नाही. तक्रार व सूक्ष्मदर्शकातले चित्र सोडून नुसत्या पट्टीवर औषध देऊ नये. एकच वसाहत उचलल्यास मिश्र संसर्गातली दुसरी जात निसटते.

उपचार : क्रुसेईवर फ्लुकोनॅझोल चालत नाही, ग्लॅब्राटावर पुष्कळदा अपुरे पडते. अशा ग्लॅब्राटासाठी ६०० मिग्रॅ. बोरिक आम्लाच्या कॅप्सूल १४ दिवस योनिमार्गात ठेवतात. पोटात गेल्यास त्या विषारी ठरतात.