मुलगी चिनी, आई-बाबा गोरे: दत्तक कुटुंबात नुसतं प्रेम पुरतं का?

कल्पना करा. अमेरिकेतलं एक सुपरमार्केट. एक गोरी बाई चार वर्षांच्या चिनी मुलीला ट्रॉलीत बसवून बिलाच्या रांगेत उभी आहे. मागून कुणीतरी कौतुकाने विचारतं, "किती गोड आहे! ही तुमची स्वतःची का? कुठून आणली?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ट्रॉलीत बसलेली मुलगी सगळं ऐकत असते.

चीनमधून मूल दत्तक घेतलेल्या कुटुंबांना हा प्रसंग चांगलाच ओळखीचा आहे. इतर दत्तक कुटुंबांत 'मूल दत्तक आहे' हे सांगितल्याशिवाय कळत नाही. इथे मात्र ते चेहऱ्यावरच दिसतं. अशा घरात मूल वाढवताना नेमकं काय वेगळं करावं लागतं? चला, जाणून घेऊया.

इतकी चिनी मुलं परदेशात गेली कशी?

चीनने १९७९-८० च्या सुमारास 'एक मूल' धोरण आणलं. गावाकडे म्हातारपणाचा आधार म्हणून मुलगाच हवा असायचा. नियम मोडला तर जबर दंड व्हायचा. त्यामुळे हजारो मुली अनाथालयाच्या फाटकाशी, बाजारात किंवा पोलीस चौकीजवळ ठेवलेल्या सापडू लागल्या.

१९९२ मध्ये चीनचा दत्तक कायदा लागू झाला आणि परदेशी पालकांसाठी दार उघडलं. पुढच्या तीन दशकांत दीड लाखांहून जास्त मुलं परदेशी गेली. त्यातली ८२ हजारांहून जास्त एकट्या अमेरिकेत गेली. सगळ्यात मोठा आकडा २००५ सालचा, त्या एका वर्षात सुमारे ७,९०० मुलं अमेरिकेत पोहोचली. सुरुवातीच्या काळात यात बहुतेक मुलीच होत्या. नंतर आजारी किंवा अपंग मुलांचं प्रमाण वाढत गेलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने हे दार बंद केलं. आता जवळच्या नात्यातलं किंवा जोडीदाराचं मूल सोडलं, तर परदेशी लोकांना चीनमधून मूल दत्तक घेता येत नाही. पण जी मुलं आधीच गेली आहेत, त्यातली बरीचशी आता विशी-तिशीत आहेत आणि आपल्या वाढण्याबद्दल स्वतः बोलू लागली आहेत. पालकांनी कधी विचारच केला नव्हता अशा कितीतरी गोष्टी त्यातून पुढे येत आहेत.

"आम्हाला रंग दिसतच नाही"

अनेक पालकांनी चांगल्या मनाने ठरवलं होतं, की घरात वंशाचा विषयच काढायचा नाही. मूल आपलं आहे, बस्स. रंगबिंग काही नाही.

अडचण अशी की मुलांना तीन-चार वर्षांचं असतानाच चेहऱ्यातला आणि रंगातला फरक कळायला लागतो. शाळेत कुणी डोळे ताणून चिडवतं, कुणी "तू खरी कुठली?" म्हणून विचारतं. घरी हा विषय कधी निघालेलाच नसेल, तर मूल समजतं की हे आई-बाबांना सांगायचं नसतं. मग ते सांगतच नाही.

२०२० मध्ये कोरोना आला आणि अमेरिकेत चिनी चेहऱ्याच्या लोकांवर राग निघू लागला. मार्च २०२१ मध्ये अटलांटा भागात मसाज पार्लरवर झालेल्या गोळीबारात आठ जण मारले गेले, त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या बायका होत्या. घराबाहेर पडल्यावर आपल्याकडे 'अमुकची मुलगी' म्हणून नाही, तर 'चिनी' म्हणून पाहिलं जातं, हे कितीतरी दत्तक मुलींना तेव्हा प्रकर्षाने जाणवलं. गोऱ्या आई-बाबांना हा अनुभव स्वतः कधी आलेला नसतो. म्हणूनच "तसं काही नसतं गं, दुर्लक्ष कर" हे उत्तर इथे कामाचं नाही. "कुणी काय म्हणालं? तुला कसं वाटलं?" असं विचारणं जास्त उपयोगाचं.

सण सोपा, रोजचा दिवस अवघड

बऱ्याच पालकांनी मुलांचं मूळ जपायचा मनापासून प्रयत्न केला. चिनी नववर्षाला लाल पाकिटं दिली, शरद पौर्णिमेला मूनकेक आणले, शनिवारी चिनी भाषेच्या वर्गाला पाठवलं. हे सगळं चांगलंच आहे. पण वर्षातले चार दिवस चिनी आणि उरलेल्या दिवसांत आजूबाजूला एकही आशियाई चेहरा नाही, असं झालं तर ते पुरत नाही.

याचा अनुभव चिनी मुलांच्या आधीच्या पिढीकडे होता. १९५० च्या दशकापासून कोरियातली मुलं अमेरिकेत दत्तक जात होती. २००९ मध्ये डोनाल्डसन अडॉप्शन इन्स्टिट्यूटने मोठ्या झालेल्या दत्तक मुलांचा अभ्यास केला. त्यात कोरियात जन्मलेल्या अनेकांनी सांगितलं, की लहानपणी आपण गोरेच आहोत असं वाटायचं किंवा आपण गोरे असतो तर बरं, असं वाटायचं. त्यांना खरी मदत कशाची झाली? वेगवेगळ्या वंशांची मुलं असलेल्या शाळेची, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या माणसांच्या सहवासाची आणि जन्मदेशाला दिलेल्या भेटीची.

म्हणजे मूनकेक आणण्यापेक्षा मोठे प्रश्न हे: आपण राहतो कुठे? मुलाच्या शाळेत कोण कोण आहे? आपले डॉक्टर, शिक्षक, घरी जेवायला येणारे मित्र, यांत मुलासारखं दिसणारं कुणी आहे का? कधी कधी याचं उत्तर घर बदलणं किंवा नोकरी बदलणं असतं. सण साजरा करण्यापेक्षा हे कितीतरी महाग पडतं, म्हणून बहुतेक वेळा तेच राहून जातं.

अनोळखी प्रश्नांना चार उत्तरं

रांगेतल्या त्या प्रश्नाचं काय करायचं? अमेरिकेत दत्तक मुलांना चार पर्याय शिकवले जातात:

१. तिथून निघून जाणं.
२. "हे आमचं खासगी आहे" असं सांगणं.
३. वाटलं तर थोडंसं सांगणं.
४. समोरच्याला दत्तक म्हणजे काय, हे समजावणं.

यात महत्त्वाचं काय? कोणता पर्याय निवडायचा, हे मूल ठरवतं. ती गोष्ट त्याची आहे. अनोळखी माणसाचं कुतूहल भागवणं हे मुलाचं काम नाही आणि आई-बाबांनीही त्याची जन्मकथा चारचौघांत सांगत सुटायचं नाही.

"तू किती नशीबवान!"

हे वाक्य दत्तक मुलांना सगळीकडे ऐकू येतं. पण त्यात एक न बोललेली अट असते, की तू सतत आभारी राहा आणि दुःखाबद्दल बोलू नकोस. मूल आई-बाबांवर जीव लावून असतं आणि त्याच वेळी न पाहिलेल्या आईची आठवणही काढतं. या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. म्हणूनच ज्या दिवशी मूल ताब्यात मिळालं तो दिवस वाढदिवसासारखा साजरा करावा की नाही, यावर आता बरीच कुटुंबं पुन्हा विचार करू लागली आहेत. पालकांना मूल मिळालं, त्याच दिवशी मुलाचं बरंच काही सुटलेलं असतं.

जन्मकथेबद्दल तर फारच जपून बोलावं लागतं. "तुझ्या आईला तू नको होतीस" हे अनेकदा खरंही नसतं. के ॲन जॉन्सन या अभ्यासिकेने चीनमध्ये केलेल्या संशोधनातून दिसलं, की कितीतरी कुटुंबांना मुलगी हवी होती, त्यांनी ती लपवून वाढवायचाही प्रयत्न केला. शिवाय २००५ मध्ये हुनान प्रांतात काही अनाथालयं पैसे देऊन बाळं घेत असल्याचं उघड झालं. त्यामुळे कागदावर 'फाटकाशी सापडली' असं लिहिलं असेल, तरी ते खरंच असेल असं नाही. पालकांनी "आम्हाला इतकंच माहीत आहे" एवढं प्रामाणिकपणे सांगितलं, तर पुढे मुलाचा विश्वास टिकतो.

आता काही जण डीएनए चाचणीतून नातेवाईक शोधतात. २०२१ चा 'फाउंड' हा माहितीपट अशाच तीन अमेरिकन मुलींचा आहे. आपण रक्ताच्या नात्यातल्या चुलत-मावस बहिणी आहोत, हे त्यांना चाचणीतून कळलं आणि त्या मिळून चीनला गेल्या.

छोट्या पण कामाच्या गोष्टी

- आशियाई बाळांच्या पाठीवर, कमरेखाली अनेकदा निळसर डाग असतात. आपल्याकडच्या बाळांनाही असतात. पण गोऱ्या डॉक्टरांना किंवा पाळणाघरात तो मारहाणीचा वळ वाटू शकतो. म्हणून बाळाच्या वैद्यकीय नोंदीत तो आधीच लिहून घेतात.
- "घरात कुणाला मधुमेह आहे का?" या प्रश्नापुढे 'माहीत नाही' असं लिहायला मुलाला लाज वाटू नये, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.
- शाळेत वंशवृक्ष काढायला किंवा तान्हेपणीचा फोटो आणायला सांगतात. शिक्षकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवलं, तर वर्गात मुलाची पंचाईत होत नाही.
- अनाथालयाचं नाव, तिथले कपडे, फोटो, कागद, जे काही असेल ते एका वहीत लावून ठेवतात. मोठं झाल्यावर शोध घ्यायचा ठरला, तर सुरुवात तिथूनच होते.

शेवटी काय?

प्रेमाशिवाय यातलं काहीच जमत नाही. पण नुसत्या प्रेमाने मुलाला आरशातल्या चेहऱ्याचा अर्थ कळत नाही. त्यासाठी त्याच्यासारखी दिसणारी माणसं लागतात, खरी माहिती लागते आणि कुठलाही प्रश्न विचारता येईल असं घर लागतं. हे फक्त चिनी मुलांपुरतं नाही. भारतातूनही 'कारा' या सरकारी संस्थेमार्फत मुलं परदेशी कुटुंबांत दत्तक जातात आणि त्यांच्यापुढेही हेच प्रश्न असतात.

आणि आपण? पुढच्या वेळी आई-बाबांपेक्षा वेगळं दिसणारं मूल भेटलं, तर "खरे आई-बाबा कुठे असतात?" असं विचारू नका. नाव विचारा, कितवीत आहे ते विचारा. इतर कुठल्याही मुलाला विचारता तसंच.