बोर्डीचे अंगण, कोसबाडचे कुरण

पाठ फसला की त्याचे खापर मुलांवर न फोडता शिक्षकाने आधी आपली आखणी तपासावी, ही दृष्टी महाराष्ट्राच्या बालशिक्षणात ठळकपणे दिसते ती ताराबाई मोडक यांच्या कार्यात, आणि तिची मुळे भावनगरात आहेत. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी तेथे १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती कथात्मक पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ, म्हणजे स्तब्ध बसून भोवतालचे बारीक आवाज टिपण्याचा माँटेसरी पद्धतीतील उपक्रम, घेऊ पाहतो आणि वर्गात एकच गोंगाट उसळतो. मात्र चूक आपल्या आखणीतच होती हे उमगून दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुले कान देऊन ऐकतात.

१९२३ मध्ये भावनगरला गेलेल्या ताराबाईंनी ही आत्मपरीक्षणाची सवय पुढे खेड्यात आणली, आणि तेथे तिचा कस अधिक लागला. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या किनाऱ्यावरील गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरीची घडीव साधने खेड्याच्या ऐपतीबाहेरची होती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतून मोजणे, जुळवणे, रंग व आकार ओळखणे शिकवले जाऊ लागले. पण साधने बदलून भागले नाही, कारण दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेऊन घरापुढच्या अंगणात भरवण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. पाठाच्या आशयाइतकीच त्याची जागाही शिक्षकाने तपासायची असते, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे कृतीत उतरले, आणि या प्रयोगाचे मोठेपण त्यातच आहे.

पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर केंद्र हलले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. आदिवासी घरांतली पोरे दिवसभर गुरांमागे असत, त्यामुळे हजेरीचा आग्रह धरणे म्हणजे घरच्या पोटापाण्याशीच भांडणे होते. ते टाळून शिक्षक साहित्य घेऊन चराऊ रानात गेले, गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला आणि या शाळेला ‘कुरणशाळा’ हे नाव मिळाले.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले, तरी योजनेतील अंगणवाडी म्हणजे बहुधा एक ठरलेली खोली, जिथे मुलाने यायचे असते. बोर्डीत मात्र चालत जाण्याचे काम शिक्षिकेचे होते.