इताजाईच्या खोऱ्यातील अळंबी आणि माशा

दक्षिण ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातून वाहत जाऊन अटलांटिक महासागराला मिळणारी इताजाई नदी मकरवृत्ताच्या बरीच दक्षिणेस असली, तरी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळे तिच्या खोऱ्यात वर्षभर ओल टिकून राहते आणि त्यामुळे ज्याला तेथील लोक ‘माता आत्लांतिका’, म्हणजे अटलांटिक अरण्य, म्हणतात तो वर्षावनाचा पट्टा या खोऱ्यापर्यंत खाली उतरलेला आहे. कवकशास्त्रात, म्हणजे बुरशी आणि अळंबी यांच्या शास्त्रात, या खोऱ्याचे नाव कायमचे कोरले गेले ते १८९५ साली. त्या वर्षी अळंबीच्या दोन नव्या प्रजाती (एकमेकींशी जवळचे नाते असलेल्या जातींचा समूह तो प्रजाती) जाहीर झाल्या आणि त्यांतील एकीला नदीवरून ‘इताजाह्या’, तर दुसरीला नदीकाठच्या ब्लूमेनाऊ या वसाहतीवरून ‘ब्लूमेनाविया’ असे नाव देण्यात आले. या दोन्ही प्रजाती अशा कुळातील आहेत, की ज्याचा वंशविस्तार माशांवाचून फारसा होत नाही; त्यामुळे त्यांचा इतिहास लिहिताना माशांचा इतिहासही लिहावा लागतो, आणि तो अळंबीच्या इतिहासापेक्षा बराच अधिक काळ उपेक्षित राहिलेला आहे.

नेहमीच्या छत्रीसारख्या अळंबीत बीजाणू, म्हणजे बीजाचे काम करणारे सूक्ष्म कण, छत्रीखालच्या पडद्यांवरून सुटतात आणि वाऱ्यावर उडून जातात. परंतु दुर्गंधी अळंबीच्या या कुळाने वाऱ्याचा आधार सोडलेला आहे. तिचा आरंभ जमिनीतल्या पांढुरक्या अंड्यासारख्या गोळ्यात होतो, तो गोळा फुटला की आतील सच्छिद्र दांडा काही तासांत वर येतो, आणि त्याच्या टोकावर किंवा फांद्यांवर बीजाणूंनी भरलेला हिरवट-तपकिरी चिकट थर असतो, ज्याला सडलेल्या मांसासारखी घाण येते. या घाणीत गंधकयुक्त संयुगे असतात आणि सडणाऱ्या प्राणिज पदार्थांतून निघणाऱ्या वासाशी त्यांचे साम्य असल्याने मांसावर बसणाऱ्या माशा तिच्याकडे ओढल्या जातात. त्या हा गोडसर चिखल चाटून खातात, पायांना आणि तोंडाला चिकटलेले बीजाणू घेऊन उडतात आणि पोटात गेलेले बीजाणू विष्ठेबरोबर दूरवर टाकतात. माशीच्या शरीरातून बीजाणूंचा असा प्रवास होतो ही गोष्ट युरोपातील दुर्गंधी अळंबीच्या संदर्भात वेमिस फुल्टन यांनी १८८९ साली मांडली होती. उष्णकटिबंधात याच कुळाची सर्वांत देखणी जात आढळते. तिच्या टोपीखालून जाळीदार झगा खाली उतरतो, तिचे शास्त्रीय वर्णन १७९८ साली व्हाँतना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने केले, आणि ती भारतातही, पश्चिम घाटासह, पावसाळ्यात उगवते.

ब्लूमेनाऊ ही वसाहत १८५० साली हेरमान ब्लूमेनाऊ यांनी सतरा जर्मन वसाहतकारांसह इताजाईच्या काठी वसवली. ती वसताना अरण्य तोडले गेले, आणि ज्यांची ती भूमी होती त्या शोक्लेंग लोकांवर त्यानंतरच्या काळात जे अत्याचार झाले, ते या खोऱ्याच्या कोणत्याही इतिहासातून वगळता येत नाहीत. तेथील निसर्गशास्त्राची उज्ज्वल बाजू सांगतानाही हे लक्षात ठेवणे भाग आहे. १८५२ साली तेथे आलेले निसर्गशास्त्रज्ञ फ्रित्झ म्युलर यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केलेले होते, परंतु ख्रिस्ती धर्माचा उल्लेख असलेली शपथ घेण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे प्रशियात त्यांना वैद्यकीचा परवाना मिळू शकला नव्हता. ब्राझीलमध्ये त्यांनी शेती केली, काही वर्षे देस्तेरो (आजचे फ्लोरियानोपोलिस) येथे शिकवण्याचे काम केले, १८६४ साली डार्विनच्या सिद्धान्ताच्या बाजूने कवचधारी प्राण्यांच्या पुराव्यांवर आधारलेले छोटे पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध केले, आणि डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे डार्विनच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला. त्यांचे धाकटे बंधू हेरमान म्युलर यांनी जर्मनीत राहून फुलांचे परागण कीटक कसे करतात यावर १८७३ साली जो ग्रंथ लिहिला, तो या विषयाच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो. एका भावाने युरोपातील कुरणांवर आणि दुसऱ्याने ब्राझीलच्या अरण्यात वनस्पती व कीटक यांचे परस्परावलंबन पाहिले, आणि या घरातील दृष्टीचा वारसा पुढच्या पिढीत अळंबीकडे वळला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

हा वारसा चालवणारे आल्फ्रेड मोलर हे म्युलर यांच्याच नात्यातले. वनशास्त्राचे शिक्षण घेतलेले आणि ओस्कार ब्रेफेल्ड या कवकशास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झालेले. १८९० ते १८९३ या काळात ते ब्लूमेनाऊला राहिले आणि तेथे त्यांनी जे काम केले, त्याची तुलना त्या काळातील उष्णकटिबंधीय कवकशास्त्रात फार थोड्या कामांशी करता येईल. पाने कापून वारुळात नेणाऱ्या मुंग्या ती पाने खात नाहीत, त्यांच्यावर बुरशी वाढवतात आणि तीच खातात, हा तर्क १८७४ साली इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ टॉमस बेल्ट यांनी मांडला होता. त्याला प्रयोगांचा भक्कम आधार मोलर यांनी १८९३ सालच्या पुस्तकात दिला. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या पुढच्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ ‘ब्राझीलची अळंबी-फुले’ असा होतो, आणि इताजाह्या व ब्लूमेनाविया यांची वर्णने त्याच पुस्तकात आहेत. ‘अळंबी-फुले’ हा शब्द केवळ शोभेसाठी वापरलेला नव्हता. रंग, गंध आणि गोड द्रव यांच्या साहाय्याने कीटकाला बोलावून त्याच्याकडून आपल्या प्रजननाचे काम करून घेणे हे फुलाचे लक्षण दुर्गंधी अळंबीतही दिसते, ही त्या शब्दामागची कल्पना होती. मोलर यांचे मुख्य लक्ष मात्र अंडावस्थेतील गोळ्यात पुढचे अवयव कसे घडत जातात याकडे होते, आणि ब्रेफेल्डच्या शिष्याकडून तेच अपेक्षित होते. त्यासाठी अळंबी उगवते तेथेच, उगवते त्याच वेळी हजर असणारा अभ्यासक लागतो, कारण वाळवून युरोपात पाठवलेल्या दुर्गंधी अळंबीचा हाती लागतो तो बहुधा सुरकुतलेला सांगाडा. मोलर १८९३ साली परतले, पुढे एबर्सवाल्ड येथील वनविद्यालयाचे प्रमुख झाले आणि १९२२ साली निधन पावले.

यानंतरच्या काळात अळंबी आणि माशा यांची शास्त्रीय वाट वेगळी झाली. शेजारच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात योहानेस रिक या येशूसंघी धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अळंबीचा प्रचंड संग्रह केला आणि ब्राझीलच्या कवकशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. सांता कातारिनाच्या पश्चिम भागात नोव्हा तेउतोनिया येथे १९२४ पासून स्थायिक झालेल्या फ्रित्झ प्लाउमान यांनी दीर्घ आयुष्यभर कीटक गोळा केले, आणि सेआरा येथे त्यांच्या नावाचे कीटकसंग्रहालय आजही आहे. दोन्ही संग्रह अमोल आहेत. परंतु संग्रहाची रीतच अशी, की अळंबी गोळा करणारा ती वाळवतो तेव्हा तिच्यात वाढणाऱ्या माशांच्या अळ्या मरतात किंवा निघून जातात, आणि त्या असणे हा नमुन्याचा दोष मानला जातो. उलट कीटक गोळा करणारा माशीला टाचणी लावतो आणि ती ज्यावर बसली होती ती अळंबी जागेवरच सोडून देतो. टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव असते, तारीख असते, संग्राहकाचे नाव असते. अळंबीचे नाव क्वचितच असते. जो संबंध अरण्यात एकाच ठिकाणी, एकाच क्षणी दिसतो तो दोन कपाटांमध्ये वाटला जाऊन नाहीसा होतो, आणि हे नुकसान नंतर कितीही नमुने तपासले तरी भरून येत नाही.

अळंबीवरच्या माशा उपेक्षित राहण्याचे दुसरे कारण आमिषाचे. घरात पिकलेल्या केळ्यांवर जी चिलटे जमतात त्यांचे कुळ, ड्रोसोफिलिडी, विसाव्या शतकात आनुवंशशास्त्राचे प्रमुख साधन बनले. १९४३ साली आनुवंशशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉब्झान्स्की ब्राझीलमध्ये आले आणि क्रोदोवाल्दो पावान व इतर तरुण ब्राझिलियन शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी उष्णकटिबंधातील चिलटांचा जो अभ्यास सुरू केला, त्यातून त्या देशातील आनुवंशशास्त्राची एक पिढी उभी राहिली. या अभ्यासाचे आमिष होते आंबवलेली केळी. केळ्याकडे येणारी चिलटे त्यामुळे बारकाईने माहीत झाली, पण जी केळ्याकडे वळतच नाहीत आणि ज्यांचे सारे जीवन अळंबीभोवती फिरते, ती सापळ्यात फारशी आली नाहीत. आणि सापळ्यात जे येत नाही ते अरण्यात विरळ आहे असा समज नकळत रुजतो. कोणत्याही शास्त्राच्या इतिहासात साधनाचा हा प्रभाव दिसतो, पण येथे तो इतका उघड आहे, की एका फळाच्या निवडीने एका संपूर्ण जीवसमूहाकडे पाठ फिरवली असे म्हणता येते.

डॉब्झान्स्की यांच्याबरोबर काम केलेल्या मंडळींपैकीच एक, स्विस प्राणिशास्त्रज्ञ हान्स बुर्ला, यांनी मात्र अळंबीवरील चिलटांकडे लक्ष दिले आणि १९५६ साली ‘झायगोथ्रिका’ या प्रजातीवर विवेचन प्रसिद्ध केले. ही प्रजाती वीडेमान यांनी १८३० सालीच वर्णिली होती. तिच्या काही जातींत नराचे डोके दोन्ही बाजूंना इतके ताणलेले असते, की डोळे एकमेकांपासून दूर जातात आणि डोके शरीराच्या मानाने विलक्षण रुंद दिसते. असे नर अळंबीच्या पृष्ठभागावर समोरासमोर येतात, डोके भिडवतात, आणि ज्याचे डोके अधिक रुंद त्याला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी १९८७ साली या प्रजातीवर जो मोठा प्रबंध लिहिला, त्यातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. झायगोथ्रिकाचे प्रौढ कीटक अळंबीवर गर्दी करतात खरे, परंतु तिच्यातील काही जातींच्या अळ्या अळंबीत न वाढता गळून पडलेल्या फुलांत वाढतात. अशा जातींसाठी अळंबी म्हणजे भेटीची आणि झुंजीची जागा. अंडी घालण्याची जागा दुसरीच. त्यामुळे अळंबीवर माशी बसलेली दिसली, एवढ्यावरून ती अळंबी त्या माशीची पोशिंदी, म्हणजे तिच्या अळ्यांना पोसणारी, ठरत नाही. ‘मायकोड्रोसोफिला’ आणि ‘हिर्तोड्रोसोफिला’ या प्रजातींतील कित्येक जातींबाबत मात्र ही पोशिंदी खरोखर अळंबीच असते.

पोशिंदी कोणती हे ठरवण्याचा विश्वसनीय मार्ग असा: अळंबी अरण्यातून आणायची, ओलसर भुश्यावर किंवा वाळूवर झाकलेल्या भांड्यात ठेवायची, आणि तिच्यातून काय बाहेर येते याची वाट पाहायची. एकविसाव्या शतकात सांता कातारिनाच्याच किनाऱ्यावर अरण्यातील आणि वस्तीजवळील अळंबी अशा रीतीने ठेवून त्यांतून निघालेल्या चिलटांची तुलना करण्यात आली, आणि मोलर यांच्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी त्या प्रदेशातील हा संबंध एकाच भांड्यात पाहिला गेला. अडचण इतकीच, की मऊ अळंबी दोन-चार दिवसांत गळून जाते आणि माशी बाहेर पडायला त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून माशी ओळखता येते तेव्हा अळंबी ओळखण्याजोगी उरलेली नसते. तोडतानाच तिचा एक तुकडा वाळवून कवकसंग्रहासाठी बाजूला काढावा लागतो, आणि भांड्यावर व त्या तुकड्याच्या पाकिटावर एकच क्रमांक घालावा लागतो.