अंगणापासून अंगणापर्यंत

आई पोळ्या लाटावयास बसली कीं तीन-चार वर्षांचें मूल तिच्याजवळ येऊन कणकेचा गोळा मागतें. गोळा मिळाला कीं त्याचा साप होतो, सापाचा चेंडू होतो, चेंडूची पोळी होते, आणि बहुधा त्याच वेळीं कोणी तरी म्हणतें, "पुरे आतां, हात खराब करूं नकोस." लहान मुलांच्या शिक्षणाचा गेल्या चारशें वर्षांचा इतिहास एका अर्थानें या गोळ्याचाच इतिहास आहे. मूल हातानें शिकतें ही गोष्ट घराला पूर्वींपासून ठाऊक होती. विचारवंतांनीं तिचें शास्त्र बनविलें, शाळेनें तें शास्त्र लांकडी पेट्यांत घातलें, आणि अखेरीस तें पुन्हां घराच्या अंगणांत आलें. हें शेवटचें पाऊल महाराष्ट्रांत पडलें.

या विचाराची सुसंगत मांडणी करणाऱ्यांत मोराव्हियाचा कोमेनियस (१५९२-१६७०) अग्रभागीं आहे. युरोपांतील तीस वर्षांच्या युद्धानें देशोधडीला लागलेल्या या धर्मोपदेशकानें आयुष्याच्या पहिल्या सहा वर्षांना 'आईची शाळा' असें नांव दिलें. पाणी, माती, पाऊस, दगड यांची ओळख हें या शाळेंतील पदार्थविज्ञान. डोंगर, ओढा, शेत, गांव यांची ओळख हा तिच्यांतील भूगोल. पुढें स्वित्झर्लंडमध्यें पेस्टालॉझीनें (१७४६-१८२७) तोच धागा उचलला. १७८१ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या त्याच्या कादंबरींतील गर्ट्रूड ही गरीब आई मुलांना आंकडे पाठ करावयास लावीत नाहीं. सूत कांततां कांततां ती त्यांच्याकडून धागे मोजवून घेते, खोलींतील पावलें मोजविते, खिडकीचीं तावदानें मोजविते. संख्या ही प्रथम वस्तूंत असते व मागाहून शब्दांत येते, हें पेस्टालॉझीचें सार होय.

पेस्टालॉझीच्या संस्थेंत १८०८ ते १८१० या काळांत राहिलेला जर्मन शिक्षक फ्रोबेल (१७८२-१८५२) याची आई तो अवघ्या नऊ महिन्यांचा असतांनाच वारली होती. आईच्या खेळविण्याला शिक्षणशास्त्रांत मानाचें स्थान मिळवून देण्याचें कार्य या आईवेगळ्या माणसाकडून व्हावें, हा विलक्षण योग होय. १८३७ मध्यें त्यानें ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० मध्यें तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. त्याच्या 'देणग्या' प्रसिद्ध आहेत. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लांकडी गोल, घन व वृत्तचिति यांची. तिसरी आठ लहान घनांत विभागलेल्या एका मोठ्या घनाची. मोडावें, जुळवावें, पुन्हां मोडावें आणि त्यांतून पूर्ण व अंश यांचें नातें हाताला कळावें, असा त्यांतील हेतु. एवढ्या निरुपद्रवी खेळाचीहि सत्तेला भीति वाटली. नास्तिकपणाच्या व समाजवादाच्या संशयावरून प्रशियाच्या सरकारनें १८५१ मध्यें बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्यें उठली, परंतु तें पाहावयास फ्रोबेल उरला नव्हता.

यानंतरचें महत्त्वाचें पर्व रोम शहरांतील गरीब वस्तींत सुरू झालें. सान लोरेंझो येथील चाळींत आईबाप कामावर गेले कीं मागें राहिलेलीं मुलें जिने व भिंती खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठीं ६ जानेवारी १९०७ रोजीं तेथें एक 'बालगृह' उघडलें आणि तें डॉक्टर मारिया माँटेसरी (१८७०-१९५२) यांच्या हवालीं केलें. तेथें त्यांनीं पाहिलेला एक प्रसंग त्यांनीं स्वतःच नमूद केला आहे. लांकडी ठोकळ्यांतील भोकांत लहानमोठे दट्टे बसविण्यांत सुमारें तीन वर्षांची एक मुलगी गढून गेली होती. बाईंनीं इतर मुलांना गावयास सांगितलें, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलें. तरी तिचें काम थांबलें नाहीं. चाळीसांहून अधिक वेळां तिनें तें केलें, आणि मग आपणहून, झोपेंतून ताजीतवानी उठल्याप्रमाणें थांबली.

या साधनांतील मर्म असें कीं चूक दाखविण्यास मोठें माणूस लागत नाहीं. दट्टा चुकीच्या भोकांत बसत नाहीं, किंवा बसलाच तर शेवटचा दट्टा उरतो आणि मूल स्वतःच विचारांत पडतें. अक्षरांचीहि तीच गोष्ट. खरकागदाच्या अक्षरांवरून मुलांचीं बोटें फिरत आणि सोबत त्यांचा ध्वनि कानीं पडे. त्याच वर्षीं डिसेंबरांत गच्चीवर एका पांच वर्षांच्या मुलाला धुरांड्याचें चित्र काढावयास सांगितलें असतां, काढतां काढतां 'मला लिहितां येतें' असें तो आनंदानें ओरडला. त्यानें खडूनें फरशीवर लिहिलेला पहिला शब्द होता 'हात'. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतहि मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत असत. बोटांनीं अक्षर ओळखण्याची युक्ति येथें अपरिचित नव्हती. परंतु तिच्याजवळ छडीहि बसलेली असे.

हिंदुस्थानांत हा विचार रुजविणाऱ्यांत गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) हे प्रमुख होत. १९१३ मध्यें मुलगा झाल्यावर त्याला कसें वाढवावें या चिंतेंतून हे वकील बालशिक्षणाकडे वळले, आणि १९२० मध्यें भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. मुलांवरील मायेमुळें गुजरातनें त्यांना 'मूछाळी मा' म्हणजे 'मिशावाली आई' म्हटलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक (१८९२-१९७३) त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ मध्यें दादरला त्यांचा शिशुविहार सुरू झाला. स्वतः माँटेसरी १९३९ मध्यें मद्रासजवळील अड्यार येथें आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम या देशांत झाला.

मात्र एक प्रश्न उरलाच होता. माँटेसरींची पद्धति गरिबांच्या चाळींत जन्मली, पण मोजून-मापून घडविलेलीं तिचीं साधनें महाग होतीं. रोमच्या कामगाराच्या मुलासाठीं निघालेली ही विद्या मुंबईच्या सुखवस्तु घरांतच अडकून पडणार काय? ताराबाईंनीं याचें उत्तर कृतीनें दिलें. १९४५ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या तेव्हांच्या ठाणें व आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. बालवयांतच वैधव्य आलेल्या व पुढें शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. आदिवासी मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, झोंपडीपुढील अंगणांत नेण्यांत आली. तीच अंगणवाडी. शिंपले, खडे, पानें, बिया, माती, बांबू हींच तिचीं साधनें. लहानमोठें ओळखण्यास दट्ट्यांऐवजीं शिंपले आले, मोजावयास बिया आल्या. प्रथम मुलांना न्हाऊं घालावें, केंस विंचरावे आणि मग शिकवावें, हा तेथील क्रम होता. १९५७ मध्यें हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना हेंच नांव मिळालें, आणि एक साधा मराठी शब्द देशभर पोंचला.

या इतिहासांतून शहरांतील बिऱ्हाडानें काय घ्यावें? अंगण नसलें तरी स्वयंपाकघर असतें. दोन मुठी राजमा व दोन मुठी हरभरा एका ताटांत मिसळून द्यावा आणि दोन वाट्या पुढें ठेवाव्या; निवडणें हें वर्गीकरणाचें पहिलें पाऊल आहे. पांच डबे व त्यांचीं झांकणें वेगळीं करून द्यावीं. चुकीचें झांकण बसत नाहीं, म्हणून तें स्वतःच गुरूचें काम करतें. लहान तांब्यांतून पेल्यांत पाणी ओतावयास द्यावें. सांडलें तर फडकें द्यावें, रागावूं नये. परातींत रवा पसरून त्यांत बोटानें अक्षर काढूं द्यावें. एका वेळीं एकच गोष्ट असावी, म्हणजे रंग तर रंग, आकार तर आकार. दाणे नाकातोंडांत जाऊं नयेत एवढ्यासाठीं मोठ्या माणसानें जवळ बसावें. मात्र बसावें, हात लावूं नये.

यांत पैसा फारसा लागत नाहीं. लागतो तो धीर. तीन वर्षांच्या मुलाला सदऱ्याचें एक बटण लावावयास जो वेळ लागतो, तेवढ्यांत आई चारहि बटणें लावूं शकते, आणि कचेरीची वेळ झालेली असली म्हणजे ती लावतेहि. तें बटण मग कोणाचें तरी दुसऱ्याचेंच काम होऊन बसतें. कोमेनियसपासून कोसबाडपर्यंत ज्यांनीं ज्यांनीं या विषयांत आयुष्य वेंचलें, त्या सर्वांचा कौल मुलाच्या बाजूनें आहे. सदरा थोडा उशिरा चढेल, फरशीवर पाणी सांडेल, पोळपाटाजवळ थोडी कणीक वायां जाईल. तेवढें सोसून आईनें गोळा द्यावा, आणि बापानेंहि वृत्तपत्र बाजूस ठेवून त्याचा साप कसा होतो हें पाहात बसावें.